यंत्राला वर्ग माहीत नसतो

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यापाठोपाठ शिक्षकाच्या टेबलावर वर्णनात्मक नोंदींची वही आली. कल्पना चांगली होती. मुलाला नुसते गुण न देता त्याला काय येतं, कुठे अडतं, कल कशाकडे आहे, हे शब्दांत लिहायचं. पण तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाचे सात-आठ विषय आणि वर्षाची दोन सत्रं हा गुणाकार शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यावरचा उपाय बाजारानं लगेच शोधला. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागल्या. ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’, ‘संबोध स्पष्ट आहेत’, ‘अक्षर सुधारण्यास वाव आहे’. ही वाक्यं कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या नावापुढे बसतात आणि म्हणूनच त्यातून एकाही मुलाची ओळख पटत नाही.

शाळेत जनरेटिव्ह एआयचं काय करायचं, हा विचार या पुस्तिकेपासून सुरू केलेला बरा. चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला ‘चौथीच्या मुलांसाठी वर्णनात्मक नोंदी दे’ एवढंच सांगितलं तर हातात तीच पुस्तिका पडते, फक्त आता तिची पानं संपत नाहीत. उलट एखाद्या मुलाबद्दल शिक्षकाच्या मनात असलेली चार तुटक वाक्यं दिली (‘वाचताना जोडाक्षराला अडखळतो, गोष्ट तोंडी मात्र फार छान सांगतो, गटात गप्प असतो, पाढे बारापर्यंत पक्के’) आणि ‘यातलंच वापर, तुझ्या पदरचं काही घालू नकोस’ असं बजावलं, तर दोन मिनिटांत नीटस, पालकाला कळेल अशी नोंद तयार होते. यंत्र दोन्ही वेळा एकच आहे. दुसऱ्या वेळी त्याला मूल कसं आहे ते कुणीतरी सांगितलं आहे.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्यायला हवं, म्हणजे पुढचे अर्धे घोटाळे टळतात. या यंत्राच्या पोटात माहितीचं कपाट नसतं. अफाट मजकूर त्याच्यापुढे ठेवून त्याला मुळात एकच काम शिकवलेलं असतं: आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवायचं. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला वळण लावतात, पण मूळ चाल तीच राहते. त्यामुळे मोघम मागितलं की सर्वांत रुळलेलं, सर्वांत सरासरी उत्तर येतं. ते वाचायला गुळगुळीत असतं आणि आपल्या वर्गाशी त्याचा संबंध नसतो. हवा तसा मजकूर हवा असेल तर शक्यतांचा आखाडा आपण छोटा करून द्यायला लागतो.

‘पाचवी, अपूर्णांक, टाचण दे’ असं सांगणं आणि पुढचं सांगणं यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो: ‘पाचवीत २४ मुलं आहेत. अर्धा आणि पाव त्यांना कळतो. पण एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठा कोणता विचारलं की निम्मी मुलं एक चतुर्थांश म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. वर्गात कागद, कात्री आणि चिंचोके आहेत, प्रोजेक्टर नाही. चौथीही माझ्याकडेच आहे, म्हणून वीस मिनिटांनंतर पाचवीला स्वतःचं स्वतः करता येईल असं काम हवं.’ ही सूचना लिहायला इंग्रजी लागत नाही, संगणकाचा अभ्यासक्रम लागत नाही. वर्ग माहीत असावा लागतो. ‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग’ नावाच्या कार्यशाळांचा सध्या जो सुळसुळाट झाला आहे, त्यांत सांगितली जाणारी बरीचशी युक्ती एवढीच आहे. चांगला शिक्षक ती आधीपासून जाणतो. बदली शिक्षकाला वर्ग सोपवताना तो हेच सगळं सांगत असतो.

आता मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो उपयोग. यंत्राकडे बरोबर उत्तरं मागण्याऐवजी चुकीची मागावीत.

४०२ मधून १७८ वजा करायचे आहेत. उत्तर २२४. हे मुलाला आलं तर प्रश्नच नाही. पण आलं नाही तर ते कोणत्या वाटेनं चुकलं, हे कळल्याशिवाय पुन्हा शिकवण्यात अर्थ नसतो. एखादं मूल ३७६ लिहितं. त्यानं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. वर कोण, खाली कोण, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं नाही. दुसरं मूल २७४ लिहितं. त्याला हातचा घेता येतो, पण दशकस्थानी शून्य दिसल्यावर ते शून्याला ओलांडून थेट शतकाकडून उसनं आणतं आणि एककाला देतं. शून्य तिथेच राहतं, मग सातातून शून्य जाऊन सात उरतात. तिसऱ्याचं उत्तर २३४. त्यानं शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दिलेला दशक कमी करायला विसरलं. तीन मुलं, तिघांच्या वहीत लाल फुली, आणि तिघांना तीन वेगळी औषधं हवीत. पहिल्याला स्थानिक किंमत समजावी लागेल, दुसऱ्यासाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, तिसऱ्याला फक्त लिहिण्याची शिस्त हवी आहे.

हे काही नवं शास्त्र नव्हे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये नेमका याच विषयावर, वजाबाकीतल्या चुकांवर, निबंध प्रसिद्ध केला होता. मुलाची चूक हा बहुधा निष्काळजीपणा नसतो, ते एक चुकीचा नियम अगदी निष्ठेनं पाळत असतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकीय कार्यक्रमही बनवला होता. संगणक चुका करून दाखवायचा आणि शिक्षकानं त्यामागचा नियम ओळखायचा. अडचण इतकीच होती की असं साहित्य प्रत्येक घटकासाठी, प्रत्येक इयत्तेसाठी, मराठीतून बनवणार कोण? एका बहुपर्यायी प्रश्नाचे तीन अर्थपूर्ण चुकीचे पर्याय सुचायला अनुभवी शिक्षकालाही वेळ लागतो. म्हणून आपल्या घटक चाचण्यांत चुकीचे पर्याय बहुतेकदा नुसते आकडे असतात.

हे काम जनरेटिव्ह एआय चटकन करून देतं. ‘शून्यावरून हातचा घ्यायच्या वजाबाकीची सहा उदाहरणं दे. प्रत्येकाला तीन चुकीचे पर्याय दे आणि प्रत्येक पर्यायासमोर मूल कोणत्या विचारानं तिथे पोचलं ते लिही.’ चाचणी झाल्यावर कोणत्या पर्यायावर किती हात वर आले ते मोजलं की दुसऱ्या दिवशीचे गट तयार. हीच युक्ती विज्ञानात चालते (जड वस्तू आधी खाली पडते, झाडं अन्न मातीतून घेतात), व्याकरणात चालते, नकाशावाचनातही चालते. वरच्या वर्गात तर आणखी मजा आहे. यंत्राकडून मुद्दाम एक चूक पेरलेला उतारा किंवा सोडवलेलं उदाहरण घ्यायचं आणि मुलांना चूक पकडायला लावायचं. चूक मास्तरांची नसून ‘कॉम्प्युटरची’ आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरचेही सरसावून बसतात.

मात्र इथेही एक पथ्य पाळावं लागतं. ‘हातचा विसरणाऱ्या मुलाचं उत्तर’ म्हणून यंत्र कधी कधी असा आकडा देतं, जो कोणत्याही चुकीतून निघत नाही. स्पष्टीकरण मात्र अगदी ठामपणे लिहिलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक पर्याय कागदावर स्वतः करून पाहिल्याशिवाय तो फळ्यावर जाऊ नये.

दुसरा मोठा उपयोग वाचनाचा. एकाच वर्गात अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी आणि गोष्ट वाचणारी मुलं एकत्र बसलेली असतात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीमुळे ही चढण आता बहुतेक शिक्षकांना पाठ आहे. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांना एकच. गावच्या आठवडी बाजारावर बारा ओळींची गोष्ट लिहावी, यंत्राकडून तिची तीन रूपं करून घ्यावीत: एक चार-पाच छोट्या वाक्यांचं, एक मधलं, एक संवाद आणि वर्णन असलेलं. तिन्ही गट एकाच बाजाराबद्दल वाचतात, म्हणून नंतरची चर्चा सगळ्यांची मिळून होते आणि मागे पडलेल्या मुलाला बालवाडीचं पुस्तक हातात धरून बसावं लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तिथे तर याची किंमत फार आहे.

पण पहिलीच्या बाईंना खरी गरज असते ती याहून साध्या गोष्टीची: काना-मात्रा नसलेले शब्द, जोडाक्षर नसलेला उतारा, फक्त आतापर्यंत शिकलेल्या अक्षरांतून बनणारी वाक्यं. नेमकं इथेच हे हुशार यंत्र लंगडं पडतं. घर, नळ, कमळ यांच्या रांगेत मध्येच ‘माती’ येऊन बसते. ‘जोडाक्षर नको’ असं बजावूनही तिसऱ्या वाक्यात ‘मित्र’ भेटतो. कारण यंत्र आपल्यासारखी अक्षरं पाहत नाही. मजकूर त्याच्यापर्यंत ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत पोचतो आणि हे तुकडे पाडण्याची पद्धत मुख्यतः इंग्रजीच्या अंगानं घडलेली आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांनीच एक तुलना दिली होती. मराठीतल्या एका छोट्याशा परिचयाला आधी ९६ टोकन लागत, नव्या पद्धतीत ३३ लागतात. इंग्रजीला तेवढ्याच मजकुरासाठी आधी २७ लागत, आता २४. सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही. पण काना कुठे आणि वेलांटी कुठे हे अजूनही यंत्राला आडून आडूनच कळतं. म्हणून पहिली-दुसरीसाठी यंत्राकडून साठ-सत्तर शब्द मागवावेत आणि त्यातले वीस स्वतः निवडावेत. उरलेले टाकून द्यायला पैसे पडत नाहीत.

मराठीची दुसरी दुखरी जागा परिभाषेची. इंटरनेटवर मराठीपेक्षा हिंदी मजकूर पुष्कळ जास्त, आणि लिपी एकच. त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकात मूल ‘छेद’ शिकतं आणि यंत्राच्या सराव-पत्रिकेत ‘हर’ येतो. काटकोन त्रिकोणाचा समकोण त्रिभुज होतो, चौरसाला वर्ग म्हटलं जातं. मोठ्यांना यात काही वाटणार नाही, पण चौरस आणि संख्येचा वर्ग या दोन गोष्टी नुकत्याच वेगळ्या करू लागलेल्या मुलाचा गोंधळ उडतो. उपाय सोपा आहे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. त्यातला पाठ यंत्राला जोडून द्यायचा आणि ‘यातलेच शब्द वापर, याबाहेरची माहिती घालू नकोस’ असं सांगायचं. नोटबुकएलएमसारखी साधनं तर मुळात दिलेल्या कागदपत्रांच्या आधारेच उत्तर द्यावं अशा बेतानं बनवलेली आहेत. तारखा, लढाया, कायद्यांची कलमं, शास्त्रज्ञांची वाक्यं यांबाबत हे पथ्य सक्तीचं समजावं. यंत्र नसलेलं अवतरण इतक्या सुबक मराठीत देतं की खरं अवतरण त्यापुढे फिकं वाटावं. चित्रांचं तर विचारूच नका. एआयनं काढलेल्या तक्त्यावरची देवनागरी नावं बरेचदा मोडलेली असतात आणि जिल्ह्यांच्या सीमा मनाला येतील तशा. भूगोलाचा नकाशा छापील पुस्तकातलाच लावावा.

एवढी तपासणी करायची तर वेळ वाचतो का? इंग्लंडमध्ये हा प्रश्न नीट मोजून पाहिला गेला. तिथल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ६८ माध्यमिक शाळांतले २५९ विज्ञान शिक्षक त्यात होते. अर्ध्यांना चॅटजीपीटी कसं वापरावं याची मार्गदर्शिका दिली, उरलेल्यांनी एआय न वापरता तयारी केली. पाठनियोजनाला एआय न वापरणाऱ्यांना आठवड्याला सरासरी ८१.५ मिनिटं लागली, वापरणाऱ्यांना ५६.२, म्हणजे ३१ टक्के कमी. तज्ज्ञांनी कोणता पाठ कोणाचा हे न सांगता दोन्हीकडचे नमुने तपासले, तेव्हा दर्जात ठळक फरक आढळला नाही. आठवड्याला पंचवीस मिनिटं म्हणजे क्रांती नव्हे, पण कुणी फुकट दिली तर नाकारावीत अशीही नव्हेत. आपल्याकडे मात्र शिक्षकाचा वेळ टाचणात जातो त्याहून अधिक कशात जातो, हे शाळेत डोकावलेल्या कुणालाही ठाऊक आहे: यूडायसची शालेय आकडेवारी, शालार्थची वेतनदेयकं, पोषण आहाराच्या नोंदी, तातडीनं मागवलेले अहवाल, निवडणुकीची कामं. उपक्रमाचा अहवाल, परिपत्रकाचा सारांश, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायचं पत्र यांसाठी यंत्र खुशाल राबवावं. तिथे सरासरी भाषाच हवी असते. फक्त उद्या ‘एआय वापर नोंदवही’ अद्ययावत ठेवा असं पत्रक निघू नये म्हणजे मिळवली.

शेजारच्या कर्नाटकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शिक्षणा फाउंडेशन यांनी मिळून ‘शिक्षा कोपायलट’ नावाचं साधन सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर वापरून पाहिलं आहे. ते राज्याच्या पाठ्यपुस्तकाला बांधलेलं आहे आणि कन्नड व इंग्रजीत पाठाचा मसुदा देतं, मग शिक्षक तो आपल्या वर्गाप्रमाणे फिरवून घेतो. केरळनं २०२४ मध्ये आपल्या ‘काइट’ या संस्थेमार्फत ८० हजार माध्यमिक शिक्षकांना एआयचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दोन्हीकडे आधी शिक्षकाला धरलं आहे. माझ्या मते क्रम हाच बरोबर आहे, आणि याचं कारण तुर्कस्तानातल्या एका प्रयोगात सापडतं.

तिथल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे हजार मुलांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताचा प्रयोग केला. एका गटाला सरावाच्या वेळी साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या सल्ल्यानं बनवलेलं, उत्तर न सांगता फक्त इशारे देणारं साधन दिलं, तिसऱ्याकडे पुस्तक आणि वही एवढंच. सरावात पहिला गट तिसऱ्यापेक्षा ४८ टक्के पुढे गेला, दुसरा तर १२७ टक्के. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिल्या गटाचे गुण पुस्तक-वहीवाल्यांपेक्षा १७ टक्के कमी आले. दुसऱ्या गटाचं हे नुकसान बरंचसं टळलं, पण सरावातली ती उडी परीक्षेत दिसली नाही. सगळ्यांत बोचणारी बाब अशी की पहिल्या गटातल्या मुलांना आपलं शिकणं कमी झालं आहे याचा पत्ताच नव्हता. गाइडमधून उत्तर उतरवणाऱ्या मुलाला निदान आपण उतरवतो आहोत हे माहीत असतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण नायजेरियातलं आहे. २०२४ च्या जून-जुलैत एडो राज्यातल्या बेनिन शहरात जागतिक बँकेनं शाळा सुटल्यानंतरचे सहा आठवड्यांचे वर्ग घेतले. मुलं जोडीनं संगणकावर बसून एआयशी इंग्रजीचा सराव करत होती. निकाल चांगले आले. पण त्या खोलीत शिक्षक हजर असायचे. पाठ त्यांच्या हातात होता, मुलांनी यंत्राला काय विचारायचं याची दिशा ते द्यायचे आणि शेवटी चर्चा घ्यायचे. तुर्कस्तान आणि नायजेरिया शेजारी ठेवले की धोरण ठरवायला फार वेळ लागू नये. मूल आणि यंत्र यांना एकटं सोडायचं नाही, निदान शाळेच्या वेळात तरी. युनेस्कोनं सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षं वयाची मर्यादा सुचवली आहे. प्राथमिक शाळेत तर ही साधनं मुलाच्या हातात देण्याची गरजच मला दिसत नाही. ती शिक्षकाच्या मोबाइलवर, घरी, संध्याकाळी असली तरी पुरे. वर्गात फळा आहेच.

शाळेबाहेर काय? तिथे बंदी कुणाच्याच हातात नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला खुलं झालं, जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहरानं आपल्या सरकारी शाळांत ते रोखलं आणि मे महिन्यात माघार घेतली. याच सुमारास एआयनं लिहिलेलं पकडण्याची यंत्रं आली. ओपनएआयनं स्वतःच बनवलेलं ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेत स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रानं लिहिलेले ठरवले गेले. मोजके शब्द, सरळ वाक्यं, ओळखीच्या रचना, एवढाच त्या बिचाऱ्यांचा गुन्हा. मराठी माध्यमातून शिकलेलं मूल अकरावीत इंग्रजी निबंध लिहितं तेव्हा असंच लिहितं. त्यामुळे असल्या साधनाच्या टक्केवारीवरून कुणा मुलाला चोर ठरवणं हा अन्याय आहे.

त्यापेक्षा गृहपाठ बदलणं शिक्षकाच्या हातात आहे. ‘माझा आवडता सण’ हा निबंध यंत्रच काय, बाजारातली निबंधमालाही वर्षानुवर्षं लिहून देते आहे. ‘आजीच्या लहानपणी गावात किती विहिरी होत्या, आज किती चालू आहेत, एक बंद का पडली ते तिला विचारून लिही’ हे मात्र कुठल्याही यंत्राला लिहिता येणार नाही. मूल तरीही लिहिण्यासाठी त्याची मदत घेईल. घेऊ दे. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं उभं करून ‘ही बंद पडलेली विहीर कुणाच्या शेतात आहे?’ एवढं विचारलं की ते शिकलं की नाही हे कळतं. तोंडी प्रश्न हे आपल्या शाळांचं जुनंच हत्यार आहे, लेखी परीक्षांच्या गर्दीत ते गंजलं होतं.

यंत्राला वर्ग सांगावा लागतो हे खरं, पण किती सांगायचा याला मर्यादा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी पोराचं नाव, आधार क्रमांक, जात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, घरच्या भांडणांची हकीकत या गोष्टी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर टाकायला शिक्षक म्हणून आपल्याला कुणी अधिकार दिलेला नाही. ‘विद्यार्थी ७, वाचताना जोडाक्षराला अडखळतो’ एवढं यंत्राला पुरतं. सातवा कोण हे आपल्या वहीत राहू दे. तीच गोष्ट उत्तरपत्रिकांचे फोटो काढून यंत्राकडून गुण घेण्याची. मुलांचं मराठी हस्ताक्षर वाचताना ते अडखळतं आणि न वाचलेला शब्द कल्पनेनं भरून टाकतं. गुण शिक्षकानंच द्यावेत. गुण दिल्यावर दिसलेल्या चुका नावांशिवाय टंकून ‘यांचे गट पाड’ म्हणणं मात्र उपयोगाचं आहे.

एक कोपरा असा आहे जिथे यंत्राचा हात अजून नीट पोचलेला नाही. नंदुरबारला पहिलीत येणारं मूल भिली किंवा पावरी बोलतं, मेळघाटात कोरकू, पालघरला वारली, गडचिरोलीत गोंडी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मातृभाषेतून शिकवा म्हणतं, आणि या भाषांचा लिखित मजकूर इंटरनेटवर नसल्यात जमा. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं आणि पहिल्या टप्प्यात संताली, मुंडारी यांच्याबरोबर भिली व गोंडी घेतल्या, ही चांगली बातमी आहे. पण भिली दर दहा कोसांवर बदलते. धडगावच्या शाळेत मुलं ज्या शब्दानं पाण्याला हाक मारतात तो मुलांकडूनच घ्यावा लागेल. तिथल्या शिक्षकानं दोनशे शब्द वर्गातून गोळा करून दिले, तर यंत्र त्यांच्या शब्दपट्ट्या, मराठी-भिली जोड्या, छोट्या गोष्टींचे सांगाडे करून देऊ शकतं. लिहिलेलं बरोबर आहे का हे मात्र एखाद्या आजोबांना वाचून दाखवून ठरवावं.

शेवटी प्रश्न उरतो तपासणीचा, कारण सगळा खर्च तिथेच आहे. मसुदा एका मिनिटात येतो, तो पारखायला अर्धा तास जातो, आणि एकट्या शिक्षकाकडे रोज अर्धा तास नसतो. आपल्याकडे यासाठी एक व्यवस्था आधीच आहे. एका केंद्रशाळेशी जोडलेल्या सगळ्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला शिक्षण परिषदेला जमतात आणि तिथे बरेचदा परिपत्रकांचं वाचन होतं. त्यातला एक तास चौथीच्या गणितवाल्यांनी, एक तास सहावीच्या विज्ञानवाल्यांनी आणलेले मसुदे मोठ्यानं वाचून दुरुस्त करण्याला द्यावा. दहा-बारा शाळांनी एकेक घटक उचलला तर सत्र संपेपर्यंत पुस्तकाचा बराच भाग होतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर इयत्ता, घटक, तारीख आणि ते पान कोणी तपासलं त्या शिक्षकाचं नाव लिहावं. पुढच्या जूनमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकाला ती फाइल मिळाली, तर ४०२ वजा १७८ चं उत्तर २७४ लिहिणाऱ्या मुलाचं काय करायचं हे त्याला पहिल्याच आठवड्यात माहीत असेल.